हिरडीच्या आतली जखम

वय झालं की दात पडायचेच, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं असतं की सत्तरीत दात शाबूत असलेल्या माणसाचं चारचौघांत कौतुक होतं. या समजाच्या जोडीला आणखी दोन समज घरोघरी नांदतात. दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, आणि वरची दाढ काढली की डोळे अधू होतात. डोळ्यांची भीती तर अगदीच निराधार आहे. दाढेची नस आणि दृष्टीची नस या एकमेकींच्या कोणीच लागत नाहीत. दात हलण्याच्या तक्रारीत मात्र थोडं तथ्य आहे, त्याकडे पुढे येऊ. आधी वयाचं पाहू, कारण त्याचं सर्वांत चोख उत्तर श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतून आलेलं आहे.

१९७० साली हाराल्ड लो हे नॉर्वेचे दंतसंशोधक आणि त्यांचे सहकारी या मळ्यांवर पोहोचले. तिथल्या ४८० तमिळ मजुरांचे दात त्यांनी तपासले आणि पुढची पंधरा वर्षं ठरावीक काळानं तपासत राहिले. सगळे पुरुष, कोवळ्या पोरांपासून तिशीपर्यंतचे. या मजुरांनी कधी ब्रश धरला नव्हता आणि दंतवैद्य पाहिला नव्हता. दात किडण्याचा आजार त्यांच्यात जवळपास नव्हता. पण दातांवर कीटणाचे थर सगळ्यांच्याच होते आणि सुजलेल्या हिरड्याही सगळ्यांच्याच. म्हणजे घाण सर्वांच्या तोंडात सारखी, काम सारखं, अन्नपाणी सारखं. तरीही निकाल सारखे लागले नाहीत. शंभरातल्या आठांची हिरडी झपाट्यानं दात सोडत गेली. पस्तिशीत त्यांचे सरासरी बारा दात गेले होते, चाळिशीत वीस आणि पंचेचाळिशीत तोंडात काही उरलं नव्हतं. एक्क्याऐंशी जणांची झीज मध्यम गतीनं झाली, पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सरासरी सात दात पडले. आणि उरलेल्या अकरांचं, जन्मात दात न घासताही, सुजेपलीकडे काहीच बिघडलं नाही.

आजारी माणसांना पंधरा वर्षं नुसतं पाहत राहणं योग्य होतं का, हा प्रश्न आज कुठलीही नीतिसमिती पहिल्याच बैठकीत विचारेल, आणि विचारायलाच हवा. पण या मजुरांच्या तोंडातून जे कळलं ते दुसरीकडून कळलं नसतं. दात वयानं पडत नाहीत. ते एका आजारानं पडतात, आणि तो आजार प्रत्येक शरीराशी वेगळा वागतो. ‘आमच्या आजोबांनी कधी ब्रशला हात लावला नाही आणि शेवटपर्यंत ऊस सोलून खाल्ला’ असं अभिमानानं सांगणारा नातू खोटं बोलत नसतो. त्याचे आजोबा त्या अकरांपैकी असतात. अडचण एवढीच, की नातू स्वतः कुठल्या गटातला आहे हे आरशात बघून कळत नाही.

या आजाराला आपल्याकडे सगळे पायरिया म्हणतात. त्याचं वर्णन जुनं आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे रोग सांगताना हिरडीतून अकारण रक्त येणारा शीताद आणि पू-रक्त वाहून दात हलवणारा दंतवेष्ट असे दोन वेगळे रोग नोंदवलेले आहेत. आजचं दंतशास्त्रही साधारण याच दोन पायऱ्या मानतं. पहिलीत फक्त हिरडी सुजते. दुसरीत दाताला धरून ठेवणारं हाड जातं.

पहिली पायरी किती लवकर येते हे लो यांनीच १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूसला दाखवून दिलं होतं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दातावर बसणारं ते मऊ, पांढुरकं पुट म्हणजे अन्नाचे नुसते कण नव्हेत, जंतूंची ती भरलेली वस्ती असते. अंतोनी व्हान लेव्हेनहूक या डच संशोधकानं १६८३ साली स्वतःच्या दातांवरचं पुट खरवडून आपल्या भिंगाखाली धरलं, तेव्हा त्यात हालचाल करणारे जीव पाहून तो चकित झाला होता. हे पुट काढलं नाही तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं कीटण होतं. मग ब्रशनं कितीही घासा, ते निघत नाही.

दुसरी पायरी समजून घ्यायची तर दंतवैद्य हिरडी कशी मोजतात ते पाहावं. त्यांच्या हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट, बारीक सळई असते. दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत ती हलकेच सरकवतात आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. शेजारी उभी असलेली सहायक आकडे लिहून घेते: तीन, दोन, तीन, चार, तीन, सहा. एक ते तीन म्हणजे ठीक. चारच्या पुढे खाचेचं पॉकेट झालेलं असतं. सहा म्हणजे हिरडी वरून धड दिसत असली तरी आत दाताचं मूळ उघडं पडलेलं आहे आणि तिथे हवा न लागणारे जंतू मुक्कामाला आहेत. सळई बाहेर येताना तिच्या टोकाला रक्त लागलं, तर आत जखम आहे.

या जखमेत हाड जंतू खातात असं वाटेल, पण तसं नसतं. जंतू हटत नाहीत म्हणून शरीर दाह चालू ठेवतं, आणि त्या दाहाच्या भरात आपल्याच पेशी जवळचं हाड विरघळवून टाकतात. दात आणि हाड यांना जोडणारे तंतू तुटतात. ठणका नसतो, त्यामुळे माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. दाढ किडली की रात्रीची झोप उडते. पायरिया दहा वर्षं गपचूप काम करतो. शेवटी कोणीतरी सफाई करून घ्यायला पाठवतं. तोवर हाड गेलेलं असतं आणि दात एकमेकांना कीटणानं जखडलेले असतात. कीटण निघालं की फटी दिसतात, दात हलतात, गार पाणी झोंबतं. दोष सफाईच्या माथी बसतो आणि ही गोष्ट पुढची वीस वर्षं नातेवाइकांत सांगितली जाते.

आता मुद्दा येतो तो या जखमेच्या आकाराचा. आजार पसरलेल्या तोंडातल्या सगळ्या पॉकेटांचं आतलं अस्तर उलगडून ठेवलं तर तळहाताएवढी जखम भरेल, असं वाक्य दंतआरोग्याच्या पुष्कळ पत्रकांत छापलेलं असतं. २००१ साली फिलिप हुजूल आणि सहकाऱ्यांनी नीट गणित मांडलं तेव्हा आकडा साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर आला. म्हणजे एखाद-दोन टपाल तिकिटं. तळहात म्हणणं अतिशयोक्तीचं होतं, पण एवढी जखमही काही कमी नाही. पायावर तिकिटाएवढा चिघळलेला व्रण दहा वर्षं वाहत असता तर घरच्यांनी माणसाला उचलून डॉक्टरकडे नेलं असतं. शिवाय या जखमेला लागून रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. घास चावताना, ब्रश फिरवताना तिथले जंतू रक्तात शिरतात. बहुतेक वेळा शरीर त्यांना काही मिनिटांत निपटून काढतं. प्रश्न असा, की वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर बाकीच्या शरीराला त्याची किंमत मोजावी लागते का?

या प्रश्नाला वैद्यकानं एकदा घाईनं ‘हो’ म्हटलं होतं, आणि त्या उत्तराचा इतिहास वाचून अंगावर काटा येतो.

१९०० साली विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरांनी तोंडातला पू हे अनेक रोगांचं मूळ आहे असं मांडलं. १९१० साली माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी व्याख्यान दिलं आणि किडक्या दातांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांवर कडाडून टीका केली. टीकेत तथ्य होतं. पण अमेरिकेत त्या विचाराची लाट झाली. संधिवात असो, पोटाचं दुखणं असो, थकवा असो, शरीरात कुठेतरी जंतूंचं केंद्र लपलेलं आहे आणि ते उपटून काढलं की माणूस बरा होतो, असा सिद्धान्त रूढ झाला. उपटायला सर्वांत सोपं काय, तर दात. टॉन्सिल्सचा नंबर त्यानंतर.

न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी या सिद्धान्ताचं टोक गाठलं. वेड हे दातांतल्या जंतूंच्या विषानं लागतं अशी त्यांची पक्की खात्री होती. रुग्णांचे दात सरसकट काढले गेले. दातांनी गुण आला नाही तर टॉन्सिल्स, मग मोठ्या आतड्याचा भाग. शंभरातले पंच्याऐंशी रुग्ण बरे होतात असा त्यांचा दावा होता. विरोध करणाऱ्या माणसांना खुर्चीत धरून बसवलं जाई. आतड्याच्या शस्त्रक्रियांत माणसं मोठ्या संख्येनं दगावली. १९२४ साली फिलिस ग्रीनएकर या तरुण डॉक्टर बाईंना तपासणीसाठी पाठवलं गेलं. त्यांना दाव्यातलं काहीच खरं आढळलं नाही. त्यांचा अहवाल वरिष्ठांनी दाबून ठेवला आणि ट्रेंटनमधली उपटाउपटी चालू राहिली. कॉटन लबाड होते असं मात्र म्हणता येत नाही. त्यांनी स्वतःचे, बायकोचे आणि मुलांचेही दात काढून घेतले होते. लबाड माणूस निदान घरच्यांना तरी वगळतो.

१९३८ साली रसेल सेसिल यांनी, जे आधी याच उपचाराचे पुरस्कर्ते होते, संधिवाताच्या दोनशे रुग्णांचा हिशोब मांडला आणि दात-टॉन्सिल्स काढून फायदा होत नाही असं जाहीर केलं. त्यानंतर लाट ओसरली. पण तिनं रुजवलेली सवय टिकली. ब्रिटनच्या काही भागांत तरुण मुलीचे सगळे दात लग्नाआधी काढून कवळी बसवून देत, म्हणजे पुढचा खर्च आणि कटकट वाचली. १९६८ साली इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ मध्ये हा आकडा ६ टक्क्यांवर आला. चाळीस वर्षांत इंग्रजांचं म्हातारपण लांबलं, दात मात्र टिकले. ‘वय झालं की दात पडायचेच’ याला हे दुसरं उत्तर.

हात पोळल्यावर वैद्यकानं तोंडाकडे पाहणंच सोडलं. दंतवैद्यकाची कॉलेजं वेगळी होतीच, आपल्याकडेही १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानं त्यांची नोंदणी स्वतंत्र झाली. एमबीबीएसचा विद्यार्थी जीभ आणि घसा बघायला शिकतो, हिरडी बघायला क्वचितच. दातांचा नेहमीचा खर्च बहुतेक आरोग्य विम्यांत धरला जात नाही. शरीराचा हा एवढा भाग जणू कायद्यानं तोडून दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे.

तुटलेला धागा पुन्हा जुळायला लागला तो १९८९ साली, फिनलंडमध्ये. किम्मो मात्तिला आणि सहकाऱ्यांनी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या शंभर रुग्णांची तोंडं तपासली आणि जवळपास तेवढ्याच इतर माणसांशी ताडून पाहिली. रुग्णांच्या दातांची अवस्था स्पष्टपणे वाईट होती. त्यानंतर अशा अभ्यासांचा पाऊस पडला आणि बहुतेकांत संबंध दिसला. पण संबंध दिसणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं. सिगारेट हिरड्याही खाते आणि हृदयही. गरिबी दातही पाडते आणि आयुष्यही कमी करते. २००० साली अमेरिकेतल्या आठ हजारांहून अधिक लोकांच्या एका अभ्यासात हे सगळे घटक वजा केल्यावर हिरड्या आणि हृदय यांचा ठोस संबंध उरला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ साली सगळा पुरावा चाळून मत दिलं: संबंध आहे, कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. हिरड्यांवर उपचार केल्यानं हार्ट अ‍ॅटॅक टळतात, असं दाखवणारी मोठी चाचणी आजही हाताशी नाही. दवाखान्याच्या भिंतीवर लाल हृदय आणि दात शेजारी काढून ‘दात सांभाळा, हृदय सांभाळा’ लिहिलेलं असतं, त्याला एवढा आधार पुरत नाही असं माझं मत.

तरीही एक प्रयोग मला विसरता येत नाही. लंडनमध्ये मॉरिझिओ टोनेटी आणि सहकाऱ्यांनी बळावलेल्या पायरियाचे १२० रुग्ण घेतले. अर्ध्यांची नेहमीची वरवरची सफाई केली. उरलेल्यांची पॉकेटं एकाच बैठकीत खोलवर खरवडून साफ केली, औषध भरलं, गेलेले दात काढून टाकले. मग दंडाच्या रोहिणीत रक्ताचा प्रवाह वाढला की ती किती फुलते हे मोजलं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर निरोगी असेल तर ती चांगली फुलते. दुसऱ्या दिवशी कसून सफाई झालेल्यांची रोहिणी आधीपेक्षा कमी फुलली, रक्तातले दाहाचे आकडे वर चढले. म्हणजे हिरडीत केलेली झटापट चोवीस तासांत दंडात दिसली. आणि सहा महिन्यांनी त्याच माणसांच्या रोहिण्या दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या फुलत होत्या. २००७ साली छापलेल्या या निबंधानं हृदयविकाराचा निकाल लावला नाही. पण तोंडातला दाह तोंडात राहत नाही, एवढं त्यानंतर कोणी नाकारू शकत नाही.

मधुमेहाच्या बाबतीत एवढं अडखळावं लागत नाही. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो.

साखर वाढलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, तंतूंची दुरुस्ती मंदावते, दाह पेटला की लवकर विझत नाही. त्यामुळे मधुमेह ताब्यात नसलेल्या माणसाला पायरिया लवकर गाठतो आणि जोरात गाठतो. १९९३ साली लो यांनीच पायरियाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलं; डोळे, मूत्रपिंडं, नसा यांच्या रांगेत हिरडीही आली. उलट बाजूनं, हिरडीतल्या दाहातून रक्तात सुटणारी रसायनं इन्सुलिनच्या कामात खोडा घालतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात गिला नदीकाठी राहणाऱ्या पिमा लोकांत मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे, त्यामुळे त्यांचा अभ्यास अनेक दशकं चालला. त्यात ज्यांच्या हिरड्या सुरुवातीलाच फार खराब होत्या त्यांची साखर पुढे बिघडण्याचा धोका जास्त निघाला.

मग हिरड्या बऱ्या केल्या तर साखर उतरते का? २०१३ साली अमेरिकेतल्या ५१४ रुग्णांच्या चाचणीनं ‘नाही’ म्हटलं. टीकाकारांनी लगेच दाखवून दिलं की त्या चाचणीत हिरड्याच पुरत्या बऱ्या झाल्या नव्हत्या, तर साखर कशी उतरणार? २०१८ साली लंडनमधल्या २६४ रुग्णांवर वर्षभर चिकाटीनं उपचार झाले, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसीचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा ०.६ नं खाली होता. अशा ३५ चाचण्या एकत्र करून २०२२ साली कॉक्रेन संस्थेनं निष्कर्ष काढला: तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ ची घट. ज्याचा आकडा आठ आहे त्याचा तो सात-साडेसातच्या घरात नेणारा हा एकटा उपाय नव्हे; पण एखाद्या सौम्य गोळीनं पडावा एवढा फरक आहे, आणि ही गोळी वजन वाढवत नाही.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं सांगितलं. चांगल्या मधुमेह क्लिनिकमध्ये रुग्णाच्या तळपायाला नायलॉनचा धागा टेकवून संवेदना तपासतात, डोळ्यांत थेंब घालून पडदा पाहतात, लघवीतली प्रथिनं मोजतात. ‘ब्रश करताना रक्त येतं का? दात हलतात का?’ हे दोन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. ते बहुधा कोणी विचारत नाही. रुग्णानं आपणहून सांगावं हे बरं. आणि उलटही: दंतवैद्यानं पॉकेटं मोजून ‘साखर तपासलीत का?’ असं विचारलं तर रागावू नये. कित्येकांचा मधुमेह असा दाताच्या खुर्चीत बसल्यावर उघडकीला येतो.

बाकीचे दावे असे वेगवेगळ्या वजनाचे आहेत. गरोदरपणी हिरड्या खराब असलेल्या स्त्रियांची बाळंतपणं दिवसांआधी होतात असं १९९६ साली दिसलं, मोठा गाजावाजा झाला; २००६ साली ८२३ गरोदर स्त्रियांच्या चाचणीत उपचार करूनही मुदतपूर्व प्रसूती कमी झाल्या नाहीत. त्यातून दुसरी एक चांगली गोष्ट मात्र कळली, की गरोदरपणात हिरड्यांवर उपचार करणं सुरक्षित आहे. ‘आता नको, बाळंतपणानंतर बघू’ म्हणून सून वा लेक रक्ताळलेल्या हिरड्या घेऊन बसली असेल तर तिला थांबायचं कारण नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत पायरियाच्या एका जंतूच्या खुणा सापडल्याचं २०१९ साली जाहीर झालं. त्यावर बेतलेल्या औषधाची चाचणी दोनच वर्षांत फसली. आमवाताचा धागा जास्त रोचक आहे. तोच जंतू प्रथिनांची रचना अशी बदलतो की शरीर आपल्याच प्रथिनांना परकं समजायला लागावं. प्रयोगशाळेत हे दिसतं, पण त्यावरून कोणी सांध्यांसाठी दात काढायला निघू नये. तो रस्ता एकदा चालून झालेला आहे.

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांची गोष्ट निराळी. तोंडातले साधे जंतूसुद्धा रक्तात शिरून झडपेवर बसले तर जिवावर बेततं, म्हणून दात काढण्याआधी त्यांना प्रतिजैविकाचा डोस देतात. दंतवैद्याला हे सांगायचं राहून जाऊ नये. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. ती गोळी मनानं बंद करू नये, पण डॉक्टरच्या कानावर घालावं.

आता अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे येऊ, कारण इथे पुरावा खणखणीत आहे आणि उपाय घरातल्या घरात आहे. गिळताना ठसका लागून तोंडातली लाळ श्वासनलिकेत जाते. लाळेत जंतूंचा भार मोठा असेल तर न्यूमोनिया होतो. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं केलेली चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्या वृद्धांचे दात प्रत्येक जेवणानंतर सेविका स्वतः घासत, दंतवैद्य आठवड्याला फेरी मारत. त्यांच्यातल्या ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. तशी काळजी न घेतलेल्या गटात १९ टक्क्यांना. ज्यांच्या तोंडात एकही दात नव्हता त्यांनाही फायदा झाला, कारण जंतू जिभेवर आणि हिरड्यांवरही राहतात. आपल्या घरांत आजींचं अंग पुसलं जातं, पाठीला पावडर लागते, केस विंचरले जातात, तोंडात मात्र कोणी हात घालत नाही. कवळी रात्रंदिवस तशीच. पंच्याऐंशी उलटलेल्या जपानी वृद्धांच्या एका अभ्यासात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची असते. बसवतानाच हे सांगितलेलं असतं, पण ‘कोणी अचानक आलं तर?’ या संकोचापायी ती तोंडातच राहते.

दात गेल्यानं ताटाचं काय होतं हा वेगळाच विषय आहे. पूर्ण कवळी लावलेल्या माणसाची चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या साधारण पाव हिश्शावर येते. म्हणून आधी भाकरी जाते, निदान ती दुधात कुस्करावी लागते. मग काकडी, मुळा, गाजर. मग मोड आलेली मटकी, भाजलेले दाणे, पेरू. राहतं काय, तर मऊ भात, शिरा, केळं आणि चहात बुडवलेला पाव. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण दैवाला हसून म्हणतो; मधुमेह्याच्या बाबतीत ती अक्षरशः त्याच्या साखरेवर येते, कारण चोथा असलेलं अन्न गेलं आणि पिठूळ-गोड उरलं. जपाननं हे ओळखून १९८९ साली ‘ऐंशी-वीस’ अशी मोहीम सुरू केली: ऐंशीव्या वर्षी तोंडात वीस दात हवेत. वीस एवढ्यासाठी की तेवढे असले तर बहुतेक अन्न चावता येतं. सुरुवातीला दहातल्या एकालाही हे जमत नव्हतं. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक ऐंशीचे म्हातारे त्यात बसले.

आपल्याकडे असं लक्ष्य ठेवायचं तर तंबाखूला वळसा घालून जाता येणार नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीवर कोणाचा डोळा नसतो, कारण ती व्यसन म्हणून मोजलीच जात नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू, त्याची पूड, आणि सकाळी उठल्यावर बोटानं हिरड्यांवर चोळणं. सातारा-सांगलीपासून कोकणापर्यंत कितीतरी बायांचं दात घासणं म्हणजे हेच, आणि ते दिवसातून एकदा होत नाही. भाकऱ्या थापून झाल्या की एकदा, दुपारी एकदा, झोपताना एकदा. मिश्रीनं दात मजबूत होतात असं त्यांना आईनं सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात जिथे ती चोळली जाते तिथली हिरडी हळूहळू खाली सरकते, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तो वेगळाच.

विडी-सिगारेटचा कावा आणखी निराळा. ओढणाऱ्याच्या हिरडीत आतून हाड जात असतं, पण रक्त कमी येतं. हिरडी फिकट, घट्ट, वरून ठणठणीत दिसते. त्यामुळे पायरियाची सर्वांत ठळक पूर्वसूचनाच दाबली जाते. हाच माणूस एक दिवस विडी सोडतो, आणि चार-सहा आठवड्यांत त्याच्या ब्रशवर पहिल्यांदा रक्त दिसतं. तो घाबरतो. विडी होती तोवर हिरड्या चांगल्या होत्या, सोडली आणि बिघडल्या, असा हिशोब मांडून कित्येक जण पुन्हा विडी धरतात. ते रक्त म्हणजे हिरडी पुन्हा शुद्धीवर आल्याचं लक्षण असतं. पॉकेटं मोजून घ्यायची वेळ तीच.